रोहिणी कोळेकरचा फिशपॉन्ड

नको तिथं नाक खुपसायची सवय मला लहानपणापासून आहे. आमच्या बाबांना बारामतीत सगळे बुद्धघोष मास्तर म्हणून ओळखायचे. ते म्हणायचे, अंजूला पोलिसात घाला, हिला दुसरं काही जमायचं नाही. झाले मात्र भूगोलाची प्राध्यापक. कॉलेजात कुठलीही भानगड झाली की प्राचार्य मलाच बोलावून घ्यायचे, आणि मी वरवर कुरकुर करत, आतून खूश होऊन त्यांच्या केबिनमध्ये जायचे.

शहाण्णव सालच्या स्नेहसंमेलनातली भानगड तर माझ्या तोंडूनच सुरू झाली. फिशपॉन्ड वाचायचं काम दरवर्षी माझ्याकडं असायचं, कारण माझा आवाज मोठा आणि तोंड त्याहून मोठं. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. संमेलनाच्या आधी ग्रंथालयाबाहेर एक खोका ठेवतात. कुणीही कुणालाही चिमटा काढणारी चिठ्ठी त्यात टाकायची, खाली नाव घालायचं नाही. मग ती भर मंडपात माइकवरून वाचली जाते. ज्याच्यावर असेल त्यानं हसत स्टेजवर यायचं, मुळा नाहीतर खेळण्यातली बाहुली असं काहीतरी बक्षीस घ्यायचं, आणि ऐकलेलं तिथंच सोडून द्यायचं. प्राचार्यांच्या टकलापासून कँटीनच्या चहापर्यंत त्यातून कुणी सुटत नाही. ज्यांच्यापुढं वर्षभर मान वर करायची सोय नसते, त्यांना त्या एका दुपारी काहीही म्हणता येतं.

तर त्या दुपारी मी खोक्यातून एक चिठ्ठी काढली आणि नेहमीच्या नाटकी आवाजात वाचली. "शितोळे सर, दोन वर्षं मी तुमच्या मैदानावर फक्की मारते. फक्कीच्या आत मला कधी घेणार?" फक्की म्हणजे मैदानाच्या रेषा आखायची चुन्याची पूड. शितोळे सर आमचे क्रीडाशिक्षक, खो-खोच्या मुलींचा संघ त्यांनी नावारूपाला आणलेला. मंडप हसला. सरही हसत वर आले, त्यांना खुळखुळा मिळाला, तो त्यांनी माइकपुढं वाजवूनही दाखवला. चिठ्ठीखाली नाव होतं, पण फिशपॉन्डला नाव नसतं, म्हणून मी ते वाचलं नाही. मी पुढच्या चिठ्ठीसाठी खोक्यात हात घातला, तेवढ्यात मुलींच्या बाजूला एकजण उभी राहिली.

"मॅडम, नाव वाचायचं राहिलं," ती म्हणाली. "रोहिणी कोळेकर, टी. वाय. बी. ए. ही गंमत न्हाय. मला सरांकडनं उत्तर पायजे."

लोकांना वाटलं, हासुद्धा कार्यक्रमाचाच भाग. ते आणखी हसले. ती मात्र खाली बसेना. ती सांगत राहिली, की गावाकडच्या मुली पहिल्या एसटीनं येतात म्हणून मैदान झाडणं, पाणी मारणं, रेषा आखणं त्यांच्या वाट्याला. शहरातल्या मुली मागाहून येतात आणि आखलेल्या मैदानात उड्या मारतात. तेही एकवेळ चालेल. पण सरावात सर तिला सगळ्यांत जास्त पळवतात आणि संघ जाहीर झाला की तिचं नाव नसतं. का, म्हणून विचारलं की म्हणतात, बघू. हसणं हळूहळू विरलं. शितोळे सर खुळखुळा हातात धरून स्टेजवर उभे होते, आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. म्हणाले, चिठ्ठीवर भागलं असतं तर मीसुद्धा हसून सोडून दिलं असतं. पण नाव सांगून, भर मंडपात शिक्षकाला जाब विचारायचा म्हणजे काय. तिनं सगळ्या खेळाडूंसमोर सरांची माफी मागायची, नाहीतर इंदापूरच्या संघासाठी तिचा विचारसुद्धा होणार नाही. जानेवारीत इंदापूरला कॉलेजांचे सामने होते. रोहिणीचं हे शेवटचं वर्ष. घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली होती. इंदापूरच्या मैदानावर ती उभी राहिली नाही तर तिचा खो-खो तिथंच संपणार होता. तिची समजूत घालून माफी मागायला लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

माफी मागायला लावायची, तर आधी खरं काय ते कळायला हवं, असं मी प्राचार्यांना सांगितलं. मनात मात्र वेगळंच चाललं होतं. एवढं पळणाऱ्या मुलीला हा माणूस का घेत नाही, हा एक प्रश्न मला चैन पडू देईना.

स्टाफरूममध्ये उत्तरांचा तुटवडा नव्हता. कुणी म्हणालं, संघाची कप्तान तेजश्री ही संचालकांची पुतणी, तिच्यापेक्षा वरचढ कुणी दिसायला नको. कुणी म्हणालं, शितोळ्यांना गावाकडची पोरं चालतच नाहीत. एकानं तोंडानं काही न म्हणता माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की जातीचं असेल तर ते तुम्हालाच कळेल. आमच्या घरात असल्या गोष्टीचा वास लवकर येतो हे खरं आहे, आणि मी तोही घेऊन पाहिला. पण कन्हेरीची एक मुलगी संघात होती, रोहिणीच्याच भावकीतली, गावातून एसटीनं येणारी, आणि ती पहिल्या तुकडीत, म्हणजे सगळ्यांत आधी उतरणाऱ्या तिघींत पळायची, तेजश्रीपेक्षाही जास्त वेळ टिकायची. म्हणजे तिन्ही उत्तरं बाद.

मग मी सराव बघायला जाऊन बसले. खो-खोतलं मला ओ की ठो कळत नाही, पण कोण सापडतंय आणि कोण सापडत नाही एवढं कुणालाही दिसतं. रोहिणी सापडतच नव्हती. बसलेल्या आठ मुलींच्या मधून ती अशी निघून जायची की पाठलाग करणारीला वाटायचं आत्ता पकडली, आणि हातात फक्त वारा. गंमत म्हणजे सगळ्यांत तल्लीन होऊन तिच्याकडं बघत होते ते शितोळे सर. शिट्टी तोंडात होती, पण वाजवायचं त्यांना भान नव्हतं. ज्याला एखादी मुलगी डोळ्यांपुढं नको असते, तो माणूस तिच्याकडं असं बघत नाही. मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, खेळ चांगला आहे तिचा, पण सामन्याला उपयोगाची नाही. का, म्हटल्यावर शिट्टी वाजवून मैदानात निघून गेले.

रविवारी सुप्याची एसटी पकडून मी रोहिणीच्या गावी, कऱ्हाटीला गेले. रोहिणी घरी नव्हती, पाटावरच्या पाण्याच्या मोटारीकडं गेली होती. तिच्या आईनं, म्हाळसाबाईंनी, चहा ठेवला आणि मी न विचारताच मनातलं बोलल्या. पोरगी उजाडायच्या आत उठून बांधावरून पळते. कुणी चार घास जास्त खा म्हटलं तर जड होईन म्हणते. "तिला वाटतंय मॅडम, तिच्यातच कायतरी कमी हाय. आमालाबी तसंच वाटाय लागलंय," त्या म्हणाल्या. मला एकदम शितोळे सरांचा राग आला, कारण काहीही असो.

घरामागच्या पडीक तुकड्यात शाळकरी पोरं खो-खो खेळत होती. रोहिणीचे आजोबा आबाजी बाजेवर बसून बघत होते. ऐन उमेदीत मेंढ्या घेऊन त्यांनी अर्धा मुलूख पायाखाली घातलेला, आता घरचे लोक कांदा आणि ज्वारी करतात. मी त्यांच्याशेजारी बसले. एक पोरगा वळताना मागच्याचं बोट त्याच्या सदऱ्याला निसटतं लागलं असावं. मागच्यालाही ते कळलं नाही, तो तसाच पुढं पळत गेला. पण पळणारा पोरगा थांबला, हात वर केला आणि मुकाट बाहेर येऊन बसला. थोड्या वेळानं एका मुलीनंही तसंच केलं. कुणी ओरडलं नाही, भांडण नाही, शिट्टी नाही. मी आबाजींना विचारलं, यांचा पंच कोण.

आबाजींना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "पंच कशाला? ज्याला लागलं त्याला कळतंय की."

मेंढरांमागं रानात असताना पोरं अशीच खेळायची, तिथं पंच व्हायला मोकळं माणूस कुठून आणायचं, असं त्यांनी समजावून सांगितलं. माझ्या डोक्यातली ट्यूब तेव्हा पेटली. रोहिणी एफ. वाय.ला असताना एकदाच संघात होती, तेही इंदापूरलाच. तिथं काय झालं ते मी कुणाला विचारलंच नव्हतं.

सोमवारी मी शितोळे सरांना त्यांच्या खोलीत गाठलं. दोर, खांब आणि चुन्याची पोती यांच्यामध्ये ते बसले होते. दोन वर्षांपूर्वी इंदापूरला रोहिणीनं हात वर केला होता का, असं मी विचारलं. त्यांनी उठून आधी दार लोटून घेतलं.

सामना संपत आला होता, त्यांनी सांगितलं. बरोबरी होती. रोहिणी शेवटची उरलेली, अजून थोडी पळाली असती की जादा डाव मिळाला असता. पाठलाग करणाऱ्या मुलीची बोटं तिच्या वेणीला लागली. पंचांना दिसलं नाही. त्या मुलीलाही खात्री नव्हती. आणि हिनं हात वर केला. एका गुणानं सामना गेला.

"तिच्यासारखी पळणारी मी पाहिली नाही. पण आता सांगा अंजली मॅडम, तिला काय सांगायला हवं होतं मी?" ते म्हणाले. "खोटं वाग म्हणू? शिक्षक आहे मी. आणि संघात घेऊन पुन्हा सामना घालवू? ते संस्था खपवून घेणार नाही. म्हणून गप्प बसलो. गप्प बसण्यात कुणाचं वाईट होत नाही."

सगळ्यात मोठं आश्चर्य मला याचंच वाटलं. या माणसाला मनापासून वाटत होतं, की आपण सभ्यपणा केला. खोटं शिकवायचं नाही आणि खरं चालवून घ्यायचं नाही, म्हणून त्यानं मधला रस्ता काढला होता, आणि त्या रस्त्यावर एक मुलगी दोन वर्षं नुसती पळत होती. मी म्हटलं, हे तिला तुम्हीच सांगा. ते नाही म्हणाले.

मग मीच सांगितलं, एसटी स्टँडवर, सुप्याची गाडी लागायच्या आधी. रोहिणीला तो प्रसंग नीट आठवतसुद्धा नव्हता. पंचांनी पाहिलं नव्हतं, असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, पर लागलं हुतं की. यात बोलण्यासारखं काय आहे, हेच तिला समजेना. मग हळूहळू समजलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हंजी मी पळण्यात कमी न्हवते?"

नाही, मी म्हटलं, सर म्हणतात तुझ्यासारखी पळणारी त्यांनी पाहिली नाही.

"मग एवढं सांगायचं हुतं," ती म्हणाली. "खेळायचं का न्हाय ते मी ठरवलं असतं. मी आपली रोज आरशात पाय बघायची, आखूड हायेत का म्हणून."

माफीला ती तयार झाली, पण एका अटीवर. ती माफी मागेल, त्यानंतर सरांनीही सगळ्यांसमोर कारण सांगायचं. प्राचार्यांना कारण ठाऊक नव्हतं, त्यांना वाटलं, शिस्तीचं काहीतरी असेल. ते लगेच हो म्हणाले. मी मुद्दामच त्यांना आधी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर सगळ्या मुली रांगेत उभ्या राहिल्या. प्राचार्य हातातल्या घड्याळाकडं बघत होते. रोहिणी पुढं आली आणि म्हणाली, भर कार्यक्रमात उठून बोलले ते चुकलं, सर, मला माफ करा. मग तिथंच थांबून म्हणाली, आता तुमी सांगा. शितोळे सरांनी माझ्याकडं एक रागाचा कटाक्ष टाकला. मग त्यांनी सांगितलं, जमिनीकडं बघत, फार थोड्या शब्दांत. इंदापूरच्या सामन्यात हिनं पंचांच्या आधी हात वर केला, म्हणून.

प्राचार्य खाकरले. मुलींच्या रांगेत चुळबुळ झाली. कप्तान तेजश्री एकदम म्हणाली, "सर, त्या दिवशी मलापण लागलं होतं. पहिल्या डावात. मी हात वर केला नव्हता."

"मला दिसलं होतं," सर म्हणाले.

तेजश्रीनं मान खाली घातली. संचालकांची पुतणी म्हणून मी तिच्याबद्दल काय काय समजत होते, पण तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं हे काही साधं नव्हतं. सरांनी मग रोहिणीला विचारलं, पंचांना दिसलं नाही तर इंदापूरला पुन्हा हात वर करशील का. ती विचार करायला थांबली. खरंच थांबली, नुसतं दाखवायला नाही. मग म्हणाली, करीन सर. सर काही बोलायच्या आत प्राचार्यांनी घाईनं सांगून टाकलं, की शितोळे, हिला घ्या संघात, विषय संपवा. असला विषय कॉलेजाबाहेर जाऊ नये, याची त्यांना जास्त काळजी होती.

इंदापूरला मी संघाबरोबर गेले. मुलींसोबत एक बाई लागते, ती मी झाले. उपांत्य सामना नेमका इंदापूरच्याच मुलींशी पडला, आणि पंच म्हणून उभे होते दोन वर्षांपूर्वीचेच कुंडलिक गुरुजी, जवळच्या एका शाळेतले. सरांनी रोहिणीला पहिल्या नाही, दुसऱ्या नाही, अगदी शेवटच्या तुकडीत ठेवलं होतं. न्यायचं तर नेलं, पण पळायची वेळ आलीच नाही तर बरं, असा हिशोब दिसत होता. पण आमच्या पहिल्या दोन तुकड्या भराभर बाद झाल्या आणि ती वेळ आली.

ती पळाली ते मला वर्णन करून सांगता येणार नाही. इंदापूरची माणसं, जी आमच्या मुलींना मघापासून चिडवत होती, तीसुद्धा उठून उभी राहिली. शेवटाला एका उंच मुलीनं खांबापाशी तिच्यावर झेप घेतली. रोहिणी कमरेत वाकून निसटली. त्या मुलीनं लागलं म्हणून ओरडा केला, मागोमाग सगळ्या मैदानानं. कुंडलिक गुरुजी दुसऱ्या बाजूला होते, मधे खांब आलेला. त्यांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. नियमात बसतं की नाही मला माहीत नाही, पण ते ओरडणाऱ्यांकडं गेले नाहीत, सरळ रोहिणीकडं आले.

"पोरी, लागलं का?"

"न्हाय लागलं, गुरुजी."

गुरुजींनी मान हलवली आणि नाबाद म्हणून खूण केली. मला वाटलं आता मारामारी होणार. पण इंदापूरचे शिक्षकच आपल्या मुलींना खाली बसा म्हणाले. दोन वर्षांपूर्वी तिनं हात वर केला तेव्हा तेही तिथं होते. एवढ्या मोठ्या मैदानात पंचापासून विरोधी संघापर्यंत सगळ्यांनी एका मुलीच्या शब्दावर खेळ पुढं चालू केला, आणि मी आजवर जे काय पाहिलंय त्यात हे मला सगळ्यात नवलाचं वाटलं. सामना आम्ही जिंकला. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी होता, तिथं राहायची सोय नव्हती, म्हणून आम्ही बारामतीला परत निघालो.

कॉलेजनं खास एसटी केली होती. मुलींनी गाण्यांच्या भेंड्या लावल्या. निमगाव केतकी मागं पडलं तेव्हा शितोळे सर पुढच्या बाकावरून उठले आणि दांड्या धरत धरत मागं आले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रोहिणी माझ्या पलीकडच्या बाकावर होती. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"शेवटी शिकलीस म्हणायची," ते म्हणाले.

"काय शिकले, सर?"

सरांनी आवाज खाली आणला. "खांबापाशी. बोटं लागली होती की तुझ्या पाठीला. आणि काय तोंड केलंस, गुरुजी पण फसले."

"न्हाय लागली, सर."

"बरं बाई, नाही लागली." त्यांनी मला डोळा मारला, जसं काही आम्ही दोघं मोठी माणसं हे समजून आहोत.

एकाएकी रोहिणीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मंडप हसला तेव्हा ती रडली नव्हती. स्टँडवर कारण कळलं तेव्हाही नाही. तेजश्री गाणं सोडून वळून बघायला लागली, मग बाकीच्याही.

"अगं, मी तुझं कौतुक करतोय," सर म्हणाले. ते खरोखर गोंधळले होते, आणि तेच मला बघवत नव्हतं.

रोहिणीनं बाहीनं तोंड पुसलं. ती बोलली तेव्हा तिचा आवाज लहान नव्हता, सगळ्या गाडीला ऐकू गेला.

"उद्या मी खेळणार हाय, सर. आजच्यापेक्षा चांगली पळीन. पर हिला मी शिकवलं, असं कुणाला सांगू नगा."

गाणी केव्हाच थांबली होती. शितोळे सर दांड्या धरत धरत पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले.